मुकी तबकडी

१

तबकडी मुकी निघाली, ही बातमी जिला सगळ्यांत शेवटी कळायला हवी होती तिलाच ती सगळ्यांच्या आधी कळली.

तबकड्यांचे साचे बनवणाऱ्या कारखान्यातली बाई कामाला चोख आणि तोंडाला फटकळ. तिनं आलेली पेटी उघडली, तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि निरोप ठोकून दिला : ‘खाच आहे, आवाज नाही. कोऱ्या रेघा पाठवून आमची चेष्टा करता का?’ निरोप गेला गायिकेच्या नवऱ्याच्या फोनवर. नवरा हॉस्पिटलच्या खाली चहा आणायला गेलेला, आणि फोन राहिलेला बायकोच्या उशाशी.

तिनं तो वाचला. ओरडली नाही. ओरडायला गळ्यात काही उरलंच नव्हतं. घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी स्वरयंत्रही काढून घेतलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी ती शेवटचं गायली, ते ह्या एका तबकडीत होतं. दुसरं कुठेही नव्हतं.

नवरा चहा घेऊन आला तेव्हा तिच्या मांडीवर पाटी होती आणि पाटीवर दोनच शब्द : ‘कुठे गेला?’

त्यानं फोन बघितला, तिच्याकडे बघितलं आणि चहा खाली ठेवता ठेवता म्हणाला, ‘चोरीला गेली. कुणीतरी तबकडी बदलली असणार. तू काळजी करू नकोस, मी ताईला बोलावतो.’

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. पोलिसातून निवृत्त झालेली. गल्लीपासून नात्यागोत्यापर्यंत सगळे तिला फौजदारबाई म्हणायचे, आणि आता तीही स्वतःला मनात तसंच म्हणायची. निवृत्तीनंतर तिनं पकडलेला एकुलता एक गुन्हेगार म्हणजे शेजारणीचं दूध पिऊन जाणारं मांजर, आणि तेही पुराव्याअभावी सुटलं होतं. गुडघे कुरकुरत होते. सुरातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. भावजयीच्या कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत बसायची आणि दुसऱ्या गाण्याला डुलकी काढायची. भावजय स्टेजवरून ते बघायची आणि हसू दाबत पुढचं गाणं मुद्दाम वरच्या पट्टीत काढायची.

ती हॉस्पिटलात आली तेव्हा भावजयीनं पाटी तिच्यासमोर धरली : ‘वन्सं, शोधाल ना?’

‘अगं, मांजर सुटलं म्हणून काय झालं?’ फौजदारबाई म्हणाली. ‘तबकडीला पाय नसतात. सापडेल.’

शब्द देऊन बसली. नंतर तिला त्या शब्दाचं फार ओझं झालं.

२

गाणं कोरलं गेलं ते एका तळघरात. भिंतींना बुचाच्या लाकडाचे तक्ते, जाड काचेची एक खिडकी. खिडकीच्या अलीकडे लेथ, म्हणजे तबकडी कोरायचं यंत्र, पलीकडे गाणाऱ्याची जागा. लेथवर काम करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे काका म्हणायचे. काकांचे हात एवढे स्थिर, की त्यांनी धरलेल्या कपातला चहासुद्धा हलत नसे. आज हलत होता.

तळघराचा मालक मात्र वेगळा. ह्या गृहस्थाला लोक चेष्टेनं कानसेन म्हणायला लागले आणि त्यानं ते पदवीसारखं नावापुढे लावून घेतलं. उंची सुया, उंची तारा, भिंतीएवढे स्पीकर. बायको सोडून गेली तेव्हाही म्हणे त्यानं पहिल्यांदा हेच टिपलं, की तिच्यामागे दार लागलं त्याचा खर्ज फार सुंदर होता.

‘हे नेमकं करता काय तुम्ही?’ फौजदारबाईनं विचारलं.

‘बाई, तुमच्या भाषेत सांगतो.’ कानसेन खुर्चीच्या टोकाला आला. ‘टेपवरचं गाणं म्हणजे ऐकीव साक्ष. कुणी गायलं, ते टेपनं ऐकलं, मग कुणीतरी ते कापलं, जोडलं, पुसलं आणि मग तबकडीला जाऊन सांगितलं. आमची तबकडी म्हणजे जागेवरचा साक्षीदार. गाणारी तिकडे गात असते तेव्हाच इकडे सुई कोरत असते. मध्ये कुणी नाही. चुकलं तर चुकलं, खोकला आला तर तोही कोरला गेला. एक बाजू संपेपर्यंत थांबायचं नाही. थांबलात की तबकडी कचऱ्यात. म्हणून तर ऐकताना अंगावर काटा येतो. गाणारा तुमच्या खोलीत श्वास घेतोय असं वाटतं.’

‘म्हणजे जबाब फिरवता येत नाही.’

‘बरोब्बर!’

‘आणि साक्षीदार मेला तर?’

कानसेन पुन्हा खुर्चीत मागे सरकला.

‘जोडीला एक साधा टेप लावून ठेवला असता तर तुमचं काय जात होतं?’

‘खाली जाळी बांधून दोरीवर चालणाऱ्याला बघायला जाल तुम्ही?’

‘जाईन की. मला माणूस बघायचा असतो, त्याचं पडणं नाही.’

‘जाळी नको असं तीच म्हणाली,’ काका हळूच बोलले. एवढं बोलून त्यांनी कप ठेवला आणि हात खिशात घातले.

फौजदारबाई खोलीभर फिरली. ऐकण्यासारखं तिला काही कळत नव्हतं, म्हणून ती बघत होती. लेथशेजारी पाण्याची बरणी होती आणि तिच्यात काळ्या केसांचा गुंतावळा. तो कोरताना निघणारा तबकडीचा धागा, काका म्हणाले. जवळ आग आली तर भडकतो, म्हणून पाण्यात ठेवतात. फडताळावर यंत्रांच्या पेट्या दाटीनं लावलेल्या होत्या, पण एका जागी धुळीत स्वच्छ चौकोन होता.

‘इथलं काय गेलं?’

‘ते चोरीचं नाही.’ कानसेनला उलट आनंदच झाला. ‘तिथे आवाजाला लगाम घालणारी पेटी होती. मीच काढायला लावली. आवाज अचानक चढला तर ती दाबून धरते. पण बाई, मधली प्रत्येक पेटी सुरातलं काही ना काही खातेच.’

खालच्या खणात छोट्या फ्यूजांची रांग होती. सगळ्यांच्या टोपणांवर धूळ होती. एकच पुसल्यासारखं लख्ख होतं.

‘आणि हे?’

‘जुनी यंत्रं आहेत,’ काका म्हणाले. ‘फ्यूज बदलावे लागतात.’

त्यांनी तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. फौजदारबाईनं ते उत्तर मनाच्या कोपऱ्यात, त्या स्वच्छ चौकोनाशेजारी ठेवून दिलं.

‘गाणं झाल्यावर तबकडीची पेटी रात्रभर इथेच होती. किल्ल्या कुणाकुणाकडे?’

‘माझ्याकडे, काकांकडे,’ कानसेन म्हणाला आणि जरा थांबला. ‘आणि तिच्या साथीच्या व्हायोलिनवाल्याकडे. त्याला ती तबकडी जगात राहायलाच नको होती.’

३

व्हायोलिनवाला जिना उतरत असतानाच बोलायला लागला. अपराधी माणसं बहुतेक गप्प असतात, हा उलट होता.

‘मी नाही पळवली. पण मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू?’

‘मनात येण्याची कलमं अजून निघाली नाहीत. बसा. का आलं मनात?’

‘माझा गज घसरला, बाई. ऐन वेळी. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज. दुसरीकडे कुठे असतं तर पुसून परत वाजवलं असतं. इथे पुसायची सोय नाही. तिचं शेवटचं गाणं, आणि माझी किंकाळी जन्मभर त्याला चिकटून.’

‘गज घसरला का पण?’

त्यानं बोटं मोडली.

‘तालमीत ती दोनदाच वर जायची. एकदा मध्यावर, एकदा थोडं पुढे, मग उतरायचं आणि संपवायचं. तसंच ठरलेलं. पण त्या दिवशी उतरता उतरता अचानक तिसऱ्यांदा वर गेली. अशी गेली, की... मी तयारच नव्हतो. मी नुसता ऐकत राहिलो, आणि हात आपला आपण वाजवायला गेला.’

‘तिसऱ्यांदा. हे आधी कुणालाच माहीत नव्हतं?’

‘तिला तरी कुठे माहीत होतं?’

‘आणि तालमीत गायची कशी? असंच?’

‘छे हो! गुणगुणायची म्हणा ना. गळा राखून. तुमच्या भावाचा हुकूमच होता, तालमीत अर्ध्या आवाजाच्या वर जायचं नाही. त्या दिवशी मात्र तिनं पहिलाच सूर असा पूर्ण गळ्यानं सोडला, की मी दचकलो.’

‘काकाही दचकले असतील.’

‘काका? ते काचेला नाक लावून तिच्याकडे बघत होते. देवळात उभे असल्यासारखे.’

फौजदारबाई उठली. गुडघे कुरकुरले. मनातल्या कोपऱ्यात ठेवलेल्या वस्तू आता एकमेकींकडे सरकायला लागल्या होत्या आणि त्या जिकडे सरकत होत्या तिकडे तिला मुळीच जायचं नव्हतं. चोर असावा, असं तिला नोकरीत कधी वाटलं नव्हतं इतकं आता मनापासून वाटायला लागलं.

४

कारखान्यातल्या बाईनं हात पुसले आणि तबकडी खिडकीच्या उजेडात धरली. काळी, ओल्यासारखी चमकणारी.

‘बोट लावू नका,’ ती म्हणाली. ‘लोण्यासारखी मऊ असते. म्हणून तर ही वाजवत नाहीत. हिच्यावरून धातूचा साचा काढायचा आणि साच्यावरून वाजवायच्या तबकड्या. ही वाजवली की प्रत्येक वेळी थोडी मरते.’

‘तुम्ही म्हणता आवाज नाही. मग आहे काय?’

‘रेघ. आवाज असला की रेघ नागमोडी होते. ही बघा, रुळासारखी सरळ. यंत्र तपासायला अशा मुक्या तबकड्या कोरतात. तसलीच कुणीतरी तुमच्या पेटीत सरकवलीय.’

फौजदारबाईनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही. ती नुसती तबकडीकडे बघत राहिली, तिरकी करायला लावून, पुन्हा सरळ करायला लावून.

‘हे पट्टे कसले? इथे रेघा दाट आहेत, इथे विरळ. पुन्हा दाट.’

‘मोठा आवाज यायचा असला की रेघांमध्ये जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर शेजारच्या रेघेत घुसते. जुन्या लेथवर ते हातानं करतात. कोरणारा गाण्याकडे लक्ष ठेवून आधीच चाक फिरवतो.’

‘मुक्या तबकडीवर चाक कशाला फिरवेल कुणी?’

बाईनं तबकडी पुन्हा उजेडात धरली.

‘किती पट्टे आहेत विरळ?’

बाईनं मोजले. ‘एक अगदी सुरुवातीला, बारीकसा, घाईनं फिरवल्यासारखा. मग मध्यावर एक. पुढे एक. आणि शेवटाकडे...’ ती थांबली. ‘शेवटाकडे सगळ्यांत रुंद.’

पहिला सूर. मग दोनदा वर. मग तिसऱ्यांदा. जे तिसऱ्यांदा जाणं कुणालाच आधी माहीत नव्हतं, ते ह्या तबकडीला माहीत होतं.

‘तुम्ही अगदी पहिले वेढे बघितलेत?’ फौजदारबाईनं विचारलं.

‘कडेचे कोण बघतं? मधलं बघितलं.’

‘आता बघा.’

बाईनं तबकडी सरकवली, डोळा लावला, बारीक चाक फिरवलं. मग बोलली तेव्हा पहिल्यांदाच तिचा आवाज फटकळ नव्हता.

‘अहो, इथे काहीतरी आहे.’

५

तबकडी तळघरातल्या टेबलावर होती. भोवती काका, कानसेन, व्हायोलिनवाला आणि धाकटा, म्हणजे फौजदारबाईचा भाऊ.

‘चोरी झालेली नाही,’ ती म्हणाली. ‘हीच ती तबकडी. दुसरी कुठली असूच शकत नाही. तिसऱ्या चढणीचा पट्टा हिच्यावर आहे आणि ती चढण त्या दिवसाआधी जगात नव्हती. काकांचा हात त्या दिवशी गाण्याबरोबर चालला. सुई चालली. रेघ उमटली. फक्त आवाज सुईपर्यंत पोचला नाही.’

‘अशक्य!’ कानसेन उसळला. ‘काकांच्या कानात तर शेवटपर्यंत गाणं चालू होतं.’

‘कानात येत होतं ते माइकवरून. सुईकडे जाणारी वाट वेगळी, आणि त्या वाटेवर फ्यूज. हो ना काका? तालमीत ती अर्ध्या आवाजात गायली, म्हणून तुम्ही यंत्रं त्या बेतानं लावली. तिनं पहिलाच सूर पूर्ण गळ्यानं सोडला. तुम्ही घाईघाईनं चाक फिरवलंत, पण फ्यूज जळालाच. तो सूर दाबून धरायला एक पेटी होती. ती यांनी काढायला लावली, सुरातलं काही खाते म्हणून.’

कानसेननं धुळीतल्या चौकोनाकडे बघितलं. मग तो आपले दोन्ही कान तळहातांनी झाकून बसला. लहान मूल बसतं तसा.

‘कोरताना सूक्ष्मदर्शकात सारखं बघायचं असतं,’ काका म्हणाले. ‘रेघ नागमोडी येते का, एवढंच माझं काम. सगळी हयात तेच केलं. त्या दिवशी नाही बघितलं. तिच्याकडे बघत होतो. तिचा खांदा उचलला गेला की मला कळायचं, आता वर जाणार. तिसऱ्यांदा उचलला गेला...’

‘तुम्हाला कधी समजलं?’

‘ती बाहेर गेल्यावर. फ्यूज जळालेला दिसला.’

‘आणि तुम्ही कुणाला सांगितलंत?’

काकांची नजर धाकट्याकडे गेली. फौजदारबाई भावाकडे वळली.

‘ज्याच्याकडे चोरी होते तो आधी विचारतो, कुणी केली. तू आजवर एकदाही विचारलं नाहीस. निरोपात चोरीचा शब्दही नव्हता. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, यंत्र बिघडलं असेल. तू चहा खाली ठेवायच्या आत चोर उभा केलास.’

धाकटा भिंतीला टेकला. लहानपणी काच फोडून यायचा तेव्हा टेकायचा तसाच.

‘काकांनी विचारलं, पुन्हा गाईल का? ती बाहेर गाडीत बसली होती. रुमालात रक्त होतं. आणि हसत होती गं, ताई. म्हणाली, चला, आता मी कुठेतरी लिहून ठेवलेली आहे. तिला जाऊन काय सांगू, काही उमटलंच नाही? पुन्हा गा? तिनं गायलं असतं. तिथेच, त्या रस्त्यावर गायलं असतं आणि तिथेच संपली असती.’

‘तो निर्णय तिचा होता.’

‘माहितीय. रोज तिच्या पाटीकडे बघतो तेव्हा माहीत असतं. तबकडीची पेटी तिनं स्वतःच्या हातानं बंद केलेली. आम्ही ती तशीच पाठवली. वाटलं, चार दिवस तरी मिळतील. मग तो निरोप तिनंच वाचला. काय सांगणार होतो मी? चोरीला गेलेली वस्तू कुठेतरी असते, ताई. जी मुळात झालीच नाही, ती कुठे असते?’

फौजदारबाईनं जवळची खुर्ची ओढली आणि ती बसली.

‘मग मला कशाला बोलावलंस? मी शोधून काढीन हे तुला ठाऊक नव्हतं?’

‘तुला सुरातलं काही कळत नाही,’ तो म्हणाला, ‘म्हणून तर बोलावलं.’

६

पहिल्या वेढ्यांचा साचा निघेल का, असं व्हायोलिनवाल्यानं विचारलं. निघेल, काका म्हणाले, पण ते वाजवून तिला काय दाखवायचं? कुठे तुटलं ते?

‘एकदा लावा,’ फौजदारबाई म्हणाली. ‘मला ऐकायचंय. काय गेलं ते कळल्याशिवाय मी प्रकरण बंद करत नाही.’

काकांनी हलकी सुई ठेवली. त्यांचा हात आता थरथरत नव्हता.

आधी नुसती शांतता. पण ती तळघराची शांतता नव्हती. ती त्या दिवशीची, माणसं असलेली शांतता होती. कुणीतरी पायावरचा भार बदलला. ओठ सुटले. मग भावजयीनं श्वास घेतला. लांब, खोल, शेवटाकडे किंचित खरखरणारा. फौजदारबाईनं चक्क मागे वळून बघितलं, इतका तो खांद्यामागे होता. आणि मग सूर. तो आला आणि खोलीच्या भिंती जरा मागे सरकल्या. एवढी वर्षं पहिल्या रांगेत बसून तिनं डुलक्या काढल्या होत्या, त्या प्रत्येक डुलकीची तिला त्या एका सुरात लाज वाटली. तो फुलायला लागला, अजून फुलत होता, आणि तुटला.

पुढे सुई चालत राहिली. बर्फातून एकटं कुणी चालत जावं तशी कुरकुर. कुणीच ती उचलेना. काळी तबकडी फिरत होती आणि तिच्यावरून, काही न वाजता, एक संपूर्ण गाणं गेलं. मध्यावरचा पट्टा गेला. पुढचा गेला. शेवटचा, सगळ्यांत रुंद, सुईखालून सरकला तेव्हा काकांची बोटं, लेथचं चाक धरल्यासारखी, हवेत आपोआप फिरली.

‘पुन्हा?’ कानसेननं कसंबसं विचारलं.

‘नको,’ फौजदारबाई म्हणाली. ‘झिजेल.’

हॉस्पिटलच्या जिन्यावर ती प्रत्येक पायरीला थांबली. कारण गुडघे नव्हते. सगळ्या नोकरीत तिनं एकही खोटा अहवाल दिला नव्हता. साहेबांसाठी नाही, मंत्र्यांसाठी नाही. अभिमान वाटायचा. आता तो अभिमान जड पिशवीसारखा हाताला लागत होता आणि तो ठेवायला कुठे जागा दिसत नव्हती.

खोलीत धाकटा खिडकीशी उभा होता, पाठ करून. भावजय उशीला टेकून बसलेली. गळ्याभोवती पांढरी पट्टी. तिनं पाटी उचलली. त्यावर आधीच लिहून ठेवलं होतं : ‘सापडला?’

फौजदारबाई खुर्चीत बसली. भावजयीचा हात हातात घेतला.

‘नाही गं. चोर हुशार निघाला. सगळ्यांची झाडाझडती घेतली. तो त्यांच्यातला नव्हता. तबकडी जगात कुठेतरी आहे, पण माझ्या आवाक्यातली नाही.’

खिडकीशी पाठ हलली. वळली नाही.

भावजयीनं पाटी पुसली. मग तिनं लिहिलं, सावकाश, वळणदार अक्षरात : ‘नका शोधू मग. चोरली म्हणजे हवीच असेल. ऐकत असेल तो.’

आणि खाली, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, बारीक अक्षरात : ‘वन्सं, मी तिसऱ्यांदा वर गेले होते. ते कळलं असेल ना त्याला?’

फौजदारबाईला काळ्या तबकडीवरचा तो रुंद पट्टा दिसला. काचेला नाक लावून उभा असलेला एक म्हातारा आणि चाकावरचा त्याचा हात दिसला.

‘कळलं असेल,’ ती म्हणाली.

त्या दुपारी त्या खोलीत ती जे काही बोलली, त्यातलं एवढं मात्र खोटं नव्हतं.